लेखकाने आपली दवंडी आपणच पिटावी काय?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी लेखनाच्या क्षेत्रात एक नवी वहिवाट पडली आहे. तिचा विचार आमच्या वाङ्मयीन मासिकांतून जितक्या गांभीर्याने व्हावयास पाहिजे होता तितका झालेला नाही. पूर्वी लेखक लेख लिही, संपादक तो पसंत करी, मुद्रक छापी आणि विक्रेता तो वाचकांच्या हाती देई. आता ब्लॉग, म्हणजे ज्यास आपल्याकडे अनुदिनी असे नाव मिळाले आहे, त्या साधनामुळे ही चारही कामे एकाच इसमाकडे आली आहेत. आणि चार कामे पत्करणाऱ्यास पाचवे टाळता येत नाही. ते पाचवे काम म्हणजे आपल्या लेखाची दवंडी पिटण्याचे. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम इत्यादी समाजमाध्यमांच्या चव्हाट्यावर अनुदिनीकार दररोज हेच काम करताना दिसतो. ही दवंडी लेखकास शोभते काय, आणि तिच्या निमित्ताने इतर अनुदिनीकारांशी जो स्नेह जडतो तो वाङ्मयास उपकारक ठरतो काय, ह्या दोन प्रश्नांचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखी योजिले आहे.

हा विचार आम्ही बीड जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून करणार आहोत. पुण्या-मुंबईच्या लेखकास समाजमाध्यमे ही एक सोय आहे. त्यास प्रकाशकाचे दुकान पायी जाण्याच्या अंतरावर असते आणि संपादकाची गाठ एखाद्या व्याख्यानाच्या मध्यंतरातही पडते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या गावी बसून लिहिणाऱ्यास यांपैकी काहीच साध्य नसते. बीड शहरी आगगाडी पोहोचावयास 2025 साल उजाडावे लागले. तिच्या कितीतरी आधी तेथील तरुणांच्या खिशात दूरध्वनी आला व त्यातून सारे जग आले. अशा ठिकाणच्या लेखकास, ‘तू आपली जाहिरात करू नकोस, गुण असतील तर जग आपण होऊन येईल,’ असा उपदेश करणे फार सोपे आहे. परंतु तो उपदेश बहुधा ज्यांच्या दाराशी जग आधीच आलेले असते त्यांच्याच तोंडून ऐकू येतो.

शिवाय लेखकाने वाचकाकडे जाणे ही गोष्ट आपल्या परंपरेस परकी आहे, असेही नाही. ह्याच जिल्ह्यातील अंबाजोगाई हे क्षेत्र मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाशी निगडित आहे. शके 1110 मधील मानल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी तेथे दाखविली जाते. त्यांच्या स्थळकाळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यानंतर इसवी सनाच्या सोळाव्या शतकात त्याच नगरीत दासोपंत होऊन गेले. ‘गीतार्णव’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा, असे परंपरा सांगते. त्यांची पासोडी तर सर्वश्रुतच आहे. सुमारे 40 फूट लांबीच्या वस्त्रावर त्यांनी पंचीकरणासारखा गहन विषय ओव्यांनी व आकृत्यांनी मांडून दाखविला. विषय अवघड, श्रोता साधा. तेव्हा तो श्रोत्यापुढे उलगडावा कसा, हा विचार त्या खटाटोपाच्या मुळाशी असला पाहिजे, असे आम्हांस वाटते. वाचकाचा असा विचार करणे ह्यात हलकेपणा काही नाही.

पण ह्या जुन्या व्यवहारातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी ग्रंथ पसरे तो नकलून घेण्याने. एखाद्या मठातील पोथी दुसऱ्या मठात जावयाची तर कोणातरी इसमाने आठवडेच्या आठवडे मांडी मोडून बसावे, बोरू झिजवावा, आणि ओवी न् ओवी उतरून घ्यावी, तेव्हा ती जाई. म्हणजे जो ग्रंथ पुढे पाठवी त्याने तो निदान एकदा तरी अक्षरशः वाचलेला असे, आणि त्याचे श्रम हेच त्याचे प्रशस्तिपत्र होई. ह्या पद्धतीचे तोटेही मोठे होते. खुद्द ‘गीतार्णवा’चा बराचसा भाग दीर्घकाळ हस्तलिखितांतच पडून राहिला. तथापि न वाचता पुढे धाडणे ही क्रिया त्या व्यवस्थेत संभवतच नव्हती. आज ती बोटाच्या एका स्पर्शाने होते. ह्या एका फरकात आमच्या सगळ्या टीकेचे बीज आहे.

मधल्या काळाकडेही एक दृष्टिक्षेप टाकू. 1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली आणि तिचे 84 अंक प्रायः स्वतःच्या लेखणीने भरले. एकाच माणसाचे, त्याच्याच मताने चाललेले मासिक हे आजच्या अनुदिनीचे आपल्याकडील जवळचे पूर्वरूप होय. मालेचा बोलबाला झाला तो केवळ शास्त्रीबुवांच्या गद्याच्या प्रौढीने नव्हे. ते इतरांचे ग्रंथ वाचीत, त्यांवर लिहीत, वाद घालीत. त्यांची काही मते आज कोणासही एकांगी व अनुदार वाटतील, आम्हांसही वाटतात. परंतु ज्याच्यावर त्यांनी टीका केली त्याचे लेखन त्यांनी बारकाईने वाचलेले असे, ही गोष्ट त्यांच्या प्रतिपक्ष्यासही नाकारता येणार नाही. दुसऱ्याचे लेखन वाचून त्यावर लिहिणे हीच मालेची जाहिरात होती. मराठवाड्यास मात्र त्या काळी हे सुख लाभले नाही. निजामी राजवटीत राज्यकारभार व उच्च शिक्षण उर्दूतून चाले, साध्या सभेसही परवानगी लागे, आणि मराठी पत्राने तग धरावा तो मोठ्या कष्टाने. 1948 च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. पण लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची चुकामूक एकाएकी संपली नाही. 1983 साली अंबाजोगाईस आणि 1998 साली परळी वैजनाथ येथे अखिल भारतीय साहित्य संमेलने भरली, व त्या तीन-तीन दिवसांत जिल्ह्याने साहित्यिकांस डोळे भरून पाहिले. मांडव उतरल्यावर मात्र गावोगावचा लेखक पुन्हा आपल्या वहीशी एकटा राहिला.

ह्या एकटेपणावर अनुदिनीने खरोखरच तोडगा काढला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. विनामूल्य अनुदिनी देणारी ‘ब्लॉगर’ ही व्यवस्था 1999 साली निघाली. युनिकोडच्या प्रसाराने देवनागरी अक्षर कोणत्याही यंत्रावर सारखे उमटू लागले, तेव्हा मराठी माणसाने ती आपलीशी केली. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 पासून चालू होतेच. 2004 साली ‘मनोगत’ निघाले. आणि अशा स्थळांच्या आश्रयाने अनेक हौशी लेखक आपापली अनुदिनी थाटू लागले. त्या पहिल्या काळातील स्नेहसंबंधाची रीत आम्हांस फार आवडे. वाचणारे थोडे आणि लिहिणारेही थोडे. त्यामुळे प्रत्येकजण प्रत्येकाचे वाची. अनुदिनीच्या कडेला ‘आम्ही काय वाचतो’ अशी इतर अनुदिन्यांची यादी असे. लेखाखाली येणारी पत्रेही कधी कधी मूळ लेखाहून सरस असत. त्यांत व्याकरणाच्या चुका दाखविल्या जात, संदर्भ पुरविले जात, आणि क्वचित भांडणेही होत. ते सगळे जिवंत होते.

पुढे बाजार भरला. लेखक शेकड्यांनी वाढले व वाचक अनुदिनीवरून उठून समाजमाध्यमांच्या चव्हाट्यावर जाऊन बसले. मग लेखकासही तेथे जाणे प्राप्त झाले. तेथे त्याने जी दवंडी पिटण्यास आरंभ केला तिचे नमुने एक वाङ्मयप्रकार म्हणून तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला नमुना आर्जवाचा. ‘नवा लेख लिहिला आहे. नक्की वाचा आणि कसा वाटला ते सांगा.’ ह्यात लेखाचा विषय काय, तो कोणासाठी, आपण तो का वाचावा, ह्यांपैकी एकाही गोष्टीचा पत्ता नसतो. मागणी आहे ती केवळ स्नेहाच्या हक्काने. दुसरा नमुना आमिषाचा. ‘त्या रात्री जे घडले ते वाचून तुम्हांलाही धक्का बसेल!’ वाचक आत जातो, आणि त्या रात्री वीज गेली होती एवढेच त्यास कळते. तिसरा नमुना आमंत्रणाचा. लेखातील एखादा सबंध परिच्छेद, विषयाचे एक वाक्य, आणि ‘पुढील भाग येथे आहे’ अशी साधी खूण. ह्यात वाचकाचा मान राखला जातो, कारण त्यास निवड करावयास आधार मिळतो. खेदाची गोष्ट ही की, तिसरा नमुना क्वचित आढळतो आणि पहिले दोन पदोपदी.

कोणी म्हणेल, ही तर दारावरची पाटी झाली. तिच्या शैलीची एवढी चिकित्सा कशाला? आमचे उत्तर असे की, पाटी आता घरात शिरली आहे. चव्हाट्यावरचा वाचक पहिल्या दोन ओळींवर थांबतो की पुढे सरकतो, ह्याचा हिशेब लेखकास त्याच दिवशी कळतो. त्या हिशेबाच्या धाकाने तो लेखाचा आरंभच आरोळीसारखा करतो, परिच्छेदाचे तुकडे एकेका वाक्यावर आणतो, आणि शेवटी ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारून स्वतःचे मत देण्याची जबाबदारी टाळतो. ज्या विषयास चार पाने लागतात तो चौदा ओळींत कोंबला जातो. निबंध ह्या वाङ्मयप्रकाराचा मोठेपणा, म्हणजे विषयाभोवती शांतपणे फिरून मग त्यात प्रवेश करणे, ह्या घाईत नष्ट होत आहे. दवंडी लेखाकरिता असावयाची ती जागा सोडून लेखच दवंडीकरिता लिहिला जाऊ लागला, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार स्नेहाविषयीची. तिच्याकरिता आमच्या परिचयातील एक प्रसंग सांगतो. बीड जिल्ह्यातील एका लहान गावी शिक्षक असलेल्या एका तरुण मित्राने आपल्या अनुदिनीवर ऊसतोडीच्या हंगामाविषयी एक लेख लिहिला. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांच्या मुलखात निघून जातात; वर्गातील बाके रिकामी होतात; काही मुले आजीजवळ मागे राहतात, काही आईबापांबरोबर फडात जातात. त्या लेखात ‘आमच्या गावातून यंदा चाळीस कोयते गेले’ असे एक वाक्य होते. त्याने तो लेख समाजमाध्यमावर मांडला, ओळखीच्या अनुदिनीकारांस कळविले, आणि एका दिवसात अभिप्रायांचा पाऊस पडला. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘डोळ्यांत पाणी आले’. मित्र सुखावला. चार दिवसांनी आम्ही त्यास विचारले, ‘ह्यांपैकी कोणी कोयता म्हणजे काय ते विचारले काय?’ ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीस कोयता म्हणतात. दोन जिवंत माणसांस एका अवजाराचे नाव, ह्यातच त्या लेखाचा सगळा मर्मभाग होता. शेकडो वाहवांपैकी एकीसही त्या शब्दाची ठेच लागली नव्हती.

अपवाद एकच. सांगलीकडील, म्हणजे ज्या मुलखात ही माणसे ऊस तोडावयास जातात त्या बाजूच्या, एका अनुदिनी लिहिणाऱ्या बाईंनी सविस्तर पत्र धाडले. त्यांनी कळविले की, लेख चांगला आहे पण शेवट रडवा केला आहे, शिवाय, ‘आमच्या शिवारात ह्या लोकांच्या खोपी दरवर्षी पडतात, आम्ही त्या रस्त्यावरून पाहतो, त्या मुलांचे गाव कसे असते हे आम्हांला ठाऊक नव्हते. तुम्ही गावाची बाजू लिहिलीत, मी फडाची लिहिते.’ पुढे दोघांनी आपापल्या अनुदिनीवर एकमेकांस उद्देशून काही लेख लिहिले. आमच्या मित्राचे आजवरचे उत्तम लेखन तेच होय. चव्हाट्यावर जाण्याने त्यास जे खरे लाभले ते शेकडो वाहवांत नव्हते, त्या एका पत्रात होते. आणि चव्हाट्यावर तो गेला नसता तर ते पत्रही आले नसते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही.

त्या लेखाची उत्तरकथाही सांगण्यासारखी आहे. वर्षभराने तोच लेख एका व्हॉट्सॲप-समूहातून आम्हांसच येऊन मिळाला. लेखकाचे नाव गळाले होते आणि खाली एका दिवंगत नामांकित लेखकाचे नाव चिकटविले होते. बीडच्या एका अनोळखी मास्तराने असे लिहिले असेल ही कल्पना कोणाच्या तरी मनास शिवली नसावी. नावानिशी लेखन पुढे धाडण्याचे सौजन्य आमच्या सुशिक्षित कुटुंबांतही दुर्मिळ झाले आहे, हे आम्ही आमच्याच वाचकांस सांगत आहोत.

वाहवेच्या ह्या देवघेवीचे मूळ उघड आहे. मी तुझ्या लेखास अंगठा दाखवावा, तू माझ्या लेखास दाखवावा. उंटाच्या लग्नात गाढवाने गावे आणि दोघांनी परस्परांचे कौतुक करावे, असा तो मामला. त्यात वाईट हेतू नसतो, असतो तो भिडस्तपणा. परंतु दूरच्या, एकट्या, होतकरू लेखकाची त्याने जी हानी होते ती उपेक्षेने होणाऱ्या हानीहून मोठी आहे. उपेक्षित लेखक निदान आपल्या लेखनाविषयी साशंक राहतो व ते पुन्हा तपासतो. वाहवेत बुडालेल्यास ती गरजच भासत नाही.

तिसरी गोष्ट ओसरीची. समाजमाध्यम ही आपली जागा नव्हे, दुसऱ्याची ओसरी आहे. 2004 साली निघालेल्या ऑर्कुटवर मराठी माणसांचे केवढे मेळे भरत. 2014 च्या सप्टेंबरात ती ओसरी बंद झाली. गूगलची ‘बझ’ नावाची बैठक 2010 साली मांडली गेली आणि पुढल्याच वर्षी गुंडाळण्यात आली. अनेक अनुदिन्या एकत्र वाचण्याची ‘रीडर’ ही सोय 2013 च्या जुलैत गेली. 2018 च्या आरंभी फेसबुकने आपला क्रम बदलला, आप्तेष्टांच्या मजकुरास अग्रस्थान दिले, आणि प्रकाशकांच्या पृष्ठांचे दर्शन घटले. ज्याने आपले सर्व लेखन ओसरीवरच मांडले त्याचे बिऱ्हाड मालकाच्या मर्जीने उठते. म्हणून ओसरीवर बसावे, गप्पा माराव्यात, लोकांस हाक मारावी. पण दप्तर आपल्या घरी, म्हणजे आपल्या अनुदिनीवर, ठेवावे, आणि त्याची एक प्रत स्वतःजवळही असू द्यावी.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. अनुदिनीकाराने दवंडी जरूर पिटावी, परंतु ती आमंत्रणाच्या रीतीची असावी. लेखातच आपले नाव व गाव घालावे, म्हणजे ते गाळणाऱ्यास निदान मुद्दाम गाळावे लागेल. आपला एक लेख लोकांपुढे ठेवण्याआधी इतरांचे पाच लेख वाचावेत व त्यांपैकी एकावर तरी चार ओळी अशा लिहाव्यात की, त्या दुसऱ्या कोणत्याही लेखाखाली चिकटविता येणार नाहीत. ‘अप्रतिम’ हा शब्द कोठेही चिकटतो, म्हणूनच तो निरुपयोगी होय. स्नेह जोडावयाचा तर आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेऊन, त्याच्याशी सहमत होऊन अथवा विरोध करून जोडावा. सांगलीच्या त्या बाईंनी केले ते हेच. आणि महिन्यातून एकदा तालुक्याच्या ग्रंथालयात चार-सहा लिहिणारे प्रत्यक्ष बसले, एकाने वाचले व इतरांनी निर्भीडपणे बोलले, तर त्याची सर कोणत्याही चव्हाट्यास येणार नाही.

येथवर आम्ही दोष अनुदिनीकाराच्या पदरी घातला. आता आमच्या पदरचा मान्य केला पाहिजे. इतक्या वर्षांत मराठीत अनुदिन्यांतून विपुल लेखन झाले. त्यांत टाकाऊ पुष्कळ असेल, पण टिकाऊही निश्चित आहे. आमच्या मासिकांनी त्यातील किती लेखनाचे परीक्षण केले? पुस्तक छापून आले, दोन प्रती कार्यालयात पोहोचल्या, की आम्ही परीक्षण लिहितो; तेच लेखन अनुदिनीवर असताना ते आमच्या लेखी अस्तित्वातच नसते. बीडच्या त्या शिक्षकास जो तौलनिक, तपशीलवार, प्रसंगी कठोर अभिप्राय हवा होता तो देणे हे ज्यांचे काम ते आम्ही गप्प बसलो, आणि त्याने वाहवेवर तहान भागविली म्हणून त्यासच बोल लावू लागलो. परीक्षक बोलत नाही म्हणून लेखकास ओरडावे लागते. त्याचा आवाज उतरावा अशी आमची इच्छा असेल तर आधी आम्ही वाचावयास बसले पाहिजे. प्रत्येक अंकात निदान एका अनुदिनीचे रीतसर परीक्षण, लेखकाच्या नावागावासह, अशी वहिवाट मराठी मासिकांनी पाडावी. आणि आरंभ पुण्या-मुंबईपासून न करता बालाघाटाच्या पायथ्यापासून करावा.